ठेवून दाखव

बनारसला बदली झाली आणि मी ब्रह्मा घाटावर आत्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले, त्याच आठवड्यात माझं मनगटी घड्याळ चोरीला गेलं. संध्याकाळी ते परत टेबलावर होतं. मग पेन गेलं नि आलं. बँकेचं ओळखपत्र गेलं, तेही आलं. शेवटी डब्यातला बेसनाचा लाडू गेला. तोसुद्धा परत आला, पण एका बाजूनं खाल्लेला. तेव्हा मात्र मी तणतणत खाली गेले आणि म्हणाले, "आत्या, घरात चोर आहे."

आत्या बशीत चहा ओतत होत्या. "एकच?" त्यांनी विचारलं. "अगं, दुपारी खाली येऊन बघ, अंगणभर आहेत. पण लाडू कुणी खाल्ला ते बघायला पाहिजे. ते आपल्या नियमात बसत नाही."

चोरीला नियम असतात हे मला सांगलीत कुणी शिकवलं नव्हतं. मी बँकेतली. आमच्याकडे चोरी म्हणजे चोरी.

आत्या माझ्या कोणी लागत नव्हत्या. रामघाट, ब्रह्मा घाट या भागातली सगळी मराठी घरं त्यांना आत्या म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. घराणं भिक्षुकाचं, पिढ्यान्‌पिढ्या बनारसचं. भाऊ, काका, मामा सगळे वेद म्हणत मोठे झाले आणि या बाई रेल्वेत टीटी झाल्या. निवृत्त झाल्यावरही टीटीपण काही सुटलं नव्हतं. दारात कुणी आलं की आधी त्याच्या पायांकडे बघत, मग चेहऱ्याकडे. "बिनतिकीटवाल्याचे पाय आधी बोलतात," असं त्यांचं म्हणणं. लग्न का केलं नाही, याचं उत्तर त्या विचारणाऱ्याप्रमाणे बदलत. मला म्हणाल्या, "जो आला तो दुसऱ्याच्या बर्थवर बसायला बघत होता." गल्लीतल्या एका बाईंना त्यांनी सांगितलं होतं की लग्न झालं होतं, पण नवरा मुगलसरायला चहा प्यायला उतरला तो उतरलाच. त्या बाई अजून हळहळतात.

थंडीत त्या सुती साडीवर नोकरीतला काळा कोट चढवत. त्या कोटात त्या कोर्टाच्या कचेरीजवळून गेल्या की खेड्यातून आलेली माणसं हात जोडून "वकील साहिबा" म्हणत मागे लागत. आत्यांनी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. उलट रस्त्याकडेला उभं राहून सल्ला देत, आणि फी म्हणून कुणाकडून मुळा, कुणाकडून हिरवे मटार घेऊन येत. "सल्ला काय दिलात?" मी विचारायची. "भावाशी भांडू नकोस, घरी जा. सगळ्यांना हाच देते. बिलकुल गलत जात नाही."

गच्चीवरच्या माकडांशी त्या हिंदीत बोलत. माकडांनी माझी ओढणी पळवली तेव्हा मी मराठीत ओरडत होते, तर म्हणाल्या, "त्यांना कशी कळेल तुझी सांगलीची मराठी? हिंदीत सांग, आणि जरा इज्जतीनं सांग." मग वर बघून, "ए भाईसाहब, बिटिया की ओढ़नी दे दीजिए," म्हणून एक केळं पुढे केलं. ओढणी खाली आली. "माझ्या अंगणातल्यांपेक्षा हे लाचखाऊ आहेत," अशी टीकाही वर केली.

अंगणातल्या म्हणजे मुली. नावाड्यांच्या, फुलवाल्यांच्या, घाटावर चहा विकणाऱ्यांच्या आणि काही नक्की कुणाच्या ते सांगता येणार नाही अशा. बहुतेकींचं एकदा तरी चौकीत नाव गेलेलं. कुणी यात्रेकरूंच्या पिशवीतून फोन काढलेला, कुणी दुकानातून पैंजण उचललेले, एकीनं तर एका पंड्याची छत्री पळवून ती त्यालाच विकलेली. दुपारी शाळा सुटली की, किंवा शाळा चुकवून झाली की, या मुली आत्यांकडे येत. आत्या त्यांना पोहे घालत, गणितं घालत, शिवणाच्या मशीनवर बसवत आणि भांडण झालं की दोघींना गच्चीवर पाठवून एकच चादर दोघींना मिळून पिळायला लावत.

एकदा दिल्लीहून कुठल्याशा संस्थेची माणसं हा उपक्रम बघायला आली. त्यांतल्या एक बाई फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "इन बच्चियों को बहुत जोखिम है."

"इनको नहीं है," आत्या म्हणाल्या. "आपको है. पर्स गोद में रखकर बैठिए."

बाई हसल्या. मग त्यांनी मांडीकडे पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. पर्स नव्हती. आत्यांनी नुसती अंगणाकडे मान वळवली. थोड्या वेळानं चहा आला, बिस्किटं आली, बाईंनी पुन्हा खाली पाहिलं तर पर्स मांडीवर. कुणी घेतली नि कुणी ठेवली, कुणालाच दिसलं नाही. त्या संस्थेकडून नंतर काही कळवण्यात आलं नाही.

ही आत्यांची पद्धत. मुलीनं काही उचललं की आरडाओरडा नाही, मार नाही, सगळ्यांसमोर माफी नाही. फक्त दोन शब्द : ठेवून दाखव. जिथून घेतलंस तिथे, ज्याचं घेतलंस त्याला कळू न देता. नव्या मुलींचा सराव माझ्या सामानावर चाले, हे मला लाडवानंतर कळलं.

"पण आत्या, ही तर चोरीची शिकवणी झाली," मी म्हणाले.

"चोरी त्यांना आधीच येते. मी परत करायची शिकवणी घेते. आणि ती जास्त कठीण आहे. तू बँकेत आहेस ना, तुला सगळं कुलपात ठेवायची आदत. सोड ती."

एकदाच त्या यावर सरळ बोलल्या. म्हणाल्या, "नोकरीत असताना एक पोर पकडली होती मी, बायकांच्या डब्यात. सगळा डबा तिला चोर चोर म्हणत होता. अलाहाबादला उतरवून दिली पोलिसांच्या हाती. पुढे वर्षानुवर्षं दिसायची त्याच लाइनवर. चोर म्हणूनच मोठी झाली. डबाभर लोकांनी जे नाव ठेवलं तेच तिनं लावलं." मग चष्मा पुसून त्यांनी मला पोह्यांसाठी कांदा चिरायला बसवलं.

या पद्धतीचा एक प्रयोग मी डोळ्यांनी पाहिला. सोलापूरचं एक कुटुंब काशीला आलेलं. त्यांतल्या आजोबांचा फोन आमच्या अंगणात येऊन पोचला होता, आजोबांना अजून पत्ता नव्हता. आत्या तडक घाटावर गेल्या आणि "मराठी माणसं दिसली, घरी आल्याशिवाय सोडणार नाही" म्हणत सगळ्यांना ओढून घरी घेऊन आल्या. ज्या मुलीनं फोन काढला होता तीच पोह्यांच्या बशा फिरवत होती. जाताना आजोबा पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "काशीत फार चोर आहेत म्हणून घाबरवलं होतं सगळ्यांनी. आम्हाला तर एकही भेटला नाही!"

"नशीबवान आहात," आत्या म्हणाल्या. मुलगी बशा उचलून आत पळाली आणि स्वयंपाकघरात ओढणी तोंडात कोंबून हसत बसली.

पण गल्लीत सगळ्यांनाच हे कौतुकाचं वाटत नव्हतं. गल्लीच्या टोकाला वेदपाठशाळा होती. ती चालवणाऱ्या गुरुजींच्या पत्नी, म्हणजे काकू, या आत्यांच्या लहानपणच्या मैत्रीण आणि लहानपणापासूनच्या वैरीण. आत्या त्यांना "गुरुजीणबाई" म्हणत, त्या आत्यांना "ए रेल्वे" म्हणत. काकूंचं मत स्पष्ट होतं : रेल्वेनं गल्लीत चोरांची शाळा काढली आहे आणि एक दिवस ती शाळा सगळ्यांना लुटून नेणार आहे.

आणि त्या वर्षी काकूंच्या मताला वजन होतं, कारण रिंकी. रिंकी नावाड्याची पोरगी, चौदा-पंधरा वर्षांची, काटकुळी, डोळे सतत भिरभिरणारे. यात्रेकरूंचे फोन उचलताना ती दोनदा सापडली होती. दुसऱ्या वेळी बाल न्यायालयातल्या मॅडमनी तिला दूरच्या शहरातल्या सुधारगृहात धाडायचं ठरवलंच होतं. आत्यांनी काळा कोट घालून इतका वाद घातला की शेवटी रिंकीला आत्यांच्या हवाली केलं, पण एका अटीवर. पुढच्या तारखेपर्यंत तिच्याविरुद्ध एकही तक्रार आली तर सुधारगृह. तारीख भाद्रपदात होती, गौरी-गणपतीनंतर लगेच.

काकूंच्या दोन्ही सुना नोकरीपायी परगावी. गौरी तोंडावर आलेल्या आणि घरात मदतीला कुणी नाही. हे कानावर येताच आत्या त्यांच्या दारात हजर. "हात पाहिजेत तुला, गुरुजीणबाई? माझ्याकडे हातच हात आहेत."

"तुझ्याकडचे हात मला माहीत आहेत," काकू म्हणाल्या. पण फुलं ओवायची होती, फराळ व्हायचा होता आणि गुडघे दुखत होते. मुली गेल्या. त्यांत रिंकीही गेली. मी आत्यांना म्हणाले, ही आग आणि कापूस एकत्र ठेवायची तऱ्हा आहे. त्या म्हणाल्या, "सबर कर."

गौरी आणल्या त्या दिवशी सगळं छान पार पडलं. काकूंनी मुखवटे घेऊन घरभर पावलं टाकली, मुलींनी थाळ्या वाजवल्या, गौरी आली, सोन्याच्या पावलांनी आली असं म्हणत रिंकीनं सगळ्यांत मोठा आवाज लावला. मग दोन्ही गौरींना शालू नेसवले, दागिने घातले, मोत्यांच्या नथी घातल्या. काकूंनी स्वतः मुलींना पुरणाचे गोळे दिले. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना आत्या जिन्यावरून ओरडल्या, "खाली ये. मोठी गडबड आहे."

"काय झालं?"

"रिंकीनं न सांगता भांडी घासली."

मला कळेना. आत्यांना मात्र सगळं कळलं होतं. त्यांनी रिंकीला समोर बसवलं आणि नुसता हात पुढे केला.  रिंकीनं मूठ उघडली. मोठ्या गौरीची नथ होती.

"मौसी, हम चोरावे ना गयल रहली," ती रडत म्हणाली. "खाली पहिन के ऐना में देखत रहली. तब्बे केहू आ गयल. हाथ अपने आप चल गयल."

नथ फक्त नाकाला लावून आरशात बघायची होती. पावलं वाजली आणि हातानं जुनी सवय केली. मी आजवर पुष्कळ गुन्हेगारांच्या बातम्या वाचल्यात, पण इतकं खरं कारण कुणी दिलेलं वाचलं नाही. आणि ते कोर्टात कुणालाही पटलं नसतं. काकूंनी तोंड उघडलं की पोर गेली.  आत्यांनी नथ तिच्या हातात परत दिली आणि ते दोन शब्द म्हणाल्या.

"पण कसं?" मी म्हणाले. "संध्याकाळी हळदीकुंकू आहे. पन्नास बायकांचे डोळे गौरीवर असणार!"

"तर मग डोळे दुसरीकडे नेऊ या," आत्या म्हणाल्या आणि गुडघ्यांना तेल चोळत बसल्या.

संध्याकाळी काकूंचा दिवाणखाना बायकांनी गच्च भरला होता. रामघाटापासूनच्या मराठी बायका, शेजारच्या हिंदी बायका, अत्तर, कुंकू, खमंग करंज्या. मी गौरीकडे बघायला धजत नव्हते. एकदा पाहिलंच. मोठ्या गौरीचा पदर बराच पुढे आलेला होता, नाकापर्यंत. देवीच आपल्या बाजूनं आहे असं मला वाटलं.

सगळ्या बसताच आत्या उठल्या, पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "गौरी जागवायला फुगडी नको का? गुरुजीणबाई, ऊठ."

"मला गुडघे आहेत, रेल्वे."

"मलाही आहेत. पण तुझं जुनंच आहे. आठवीतसुद्धा तू आधी दमायचीस."

काकू ताडकन उठल्या. "कोण दमायची? मी? खोटारडी कुठली!"

दोघींनी हात धरले, पावलं जुळवली, मागे झुकल्या आणि फिरू लागल्या. सत्तरीच्या दोन बायका, एक नऊवारीतली, एक सुती पाचवारीतली. आधी सगळ्या धास्तावल्या, मग हसू लागल्या, मग टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी नाव घ्यायला लावलं. आत्यांनी मुगलसरायला उतरलेल्या नवऱ्याचं नाव घेतलं, आणि ती हळहळणारी बाई खरंच डोळे पुसू लागली.

गौरीसमोर रिंकी हातात फुलांचं ताट घेऊन उभी होती. मी तिला आडोसा होईल अशी उभी राहिले, पानसुपारीचं तबक घेऊन, बँकेत आयुष्यात कधी केली नव्हती अशी अफरातफर पार पाडत. तिनं ताट ठेवलं. हात वर गेला. नथ नाकातल्या छिद्रात बसेना. फोन अलगद उचलणारी ती बोटं पुन्हा पुन्हा चुकत होती. 

इकडे आत्यांचा दम संपत आला होता. तोंड लाल, केस सुटलेले. त्यांची पकड सैल होताना मला दिसली. आता थांबल्या तर सगळे डोळे पुन्हा गौरीवर. आणि त्याच क्षणी काकूंचा चेहरा फिरता फिरता आमच्याकडे आला. त्यांनी पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल की त्यांनी पाहिलं. पुढच्या फेऱ्याला पुन्हा पाहिलं.

"थांबायचं नाही, रेल्वे!" काकू ओरडल्या. "दमलीस? इतक्यात दमलीस?" आणि त्यांनी आत्यांचे हात असे आवळून धरले की आत्यांना थांबताच येईना. फुगडी चालूच राहिली. मला वाटलं, लहानपणचं उट्टं काढताहेत.

शेवटी दोघी गादीवर कोसळल्या. बायका पाणी घेऊन धावल्या. मी मागे वळून पाहिलं. नथ जागेवर होती आणि रिंकी करंज्यांचं ताट घेऊन बायकांमध्ये फिरत होती. त्या रात्री मी सुखानं झोपले. आत्या झोपल्या नाहीत, कारण कंबर धरली होती.

तिसऱ्या दिवशी गौरी गंगेवर पोचवून काकू सरळ आमच्याकडे आल्या. पोरी अंगणात होत्या. आत्या गरम पाण्याची पिशवी कमरेला लावून खाटेवर. काकू समोर बसल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "पूजेच्या सकाळीच मला दिसलं होतं, नथ नाही ते."

आत्या पिशवी बाजूला टाकून उठून बसल्या.

"पदर मीच पुढे ओढला. गौर म्हणजे माहेरवाशीण, दोन दिवसांसाठी घरी आलेली, तिच्यासमोर पोलीस आणायचे? म्हटलं, हिला जाऊ दे. गेली की चौकीत जाते. ठरवलंच होतं मी."

"मग गेली नाहीस?" आत्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"फुगडीत बघितलं ना तुझ्या पोरीला. नथ बसवली, तेव्हाच पळून जायचं ना? चोर पळतो. ही थांबली. मी घाईत पदर वेडावाकडा ओढला होता, तो हिनं मागे घेतला, चुण्या नीट केल्या. गजरा सरकला होता तो सारखा केला. मग लांब होऊन बघितलं, नीट दिसतेय का म्हणून." काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "माझ्या सुनांना हे कधी सुचलं नाही. व्हिडिओ कॉलवर नमस्कार करतात."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आत्या म्हणाल्या, "म्हणून माझे हात सोडत नव्हतीस!"

"नाहीतर काय! तू तर कधीच दमली होतीस."

तारखेला आम्ही तिघी रिंकीला घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर रिंकीनं माझा हात घट्ट धरला होता. आत्या काळा कोट घालून भाषण तयार करून आल्या होत्या, ऐन भाद्रपदाच्या उकाड्यात. मॅडमनी विचारलं, या मुलीविरुद्ध गल्लीतून काही तक्रार? आत्यांनी घसा खाकरला. पण त्याआधी काकू उठून उभ्या राहिल्या. नऊवारी, मोठं कुंकू, कपाळावर घाम. म्हणाल्या, तक्रार नाही.

"आप इसकी कौन लगती हैं?" मॅडमनी विचारलं.

काकूंनी क्षणभर रिंकीकडे पाहिलं. "इसका मायका हमारे यहाँ है," त्या म्हणाल्या.

मॅडमनी रिंकीला आत्यांकडेच राहू दिलं. आता त्या तक्रारीच्या अटीची गरज नाही, असंही म्हणाल्या.

परतताना आम्ही चौघी एका ई-रिक्शात कोंबून बसलो. रिंकी मध्ये. आत्या कोट काढायच्याही विसरून रस्त्याकडे तोंड करून फुगून बसल्या होत्या. मैदागिनच्या गर्दीत रिक्शा अडकली तेव्हा त्यांना राहवेना.

"हद्द झाली," त्या म्हणाल्या. "पोहे मी घालायचे, भाषण मी पाठ करायचं, कंबर माझी मोडायची. आणि माहेर हिचं!"

"मग तू सासर हो," काकू म्हणाल्या. "तुला शोभेलही."

रिंकी मराठी समजत नाही असा आमचा सगळ्यांचा समज होता. ती इतक्या मोठ्यानं हसली की रिक्शावाल्यानं मागे वळून पाहिलं, आणि हसता हसता तिनं दोघींच्याही दंडात हात घालून दोघींना जवळ ओढलं.